खुर्चीमागचे दोन चौकोन

१

रंग बघायचा तो एका नजरेत, हे थोरलीचं रोजचं काम होतं. कापडगिरणीत रंगजुळणीच्या टेबलाशी तिची निम्मी हयात गेली होती. समोर एक राखाडी पेटी आणि पेटीत निरनिराळे दिवे: एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक घरगुती पिवळा. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि गिरणीत रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवायचे, दिवे बदलत जायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘जुळतं’ किंवा ‘नाही जुळत’. काही रंग महा लबाड असतात. दिवसा जुळी भावंडं आणि पिवळ्या दिव्याखाली एकमेकांना ओळखही देत नाहीत. असले रंग थोरली परत पाठवायची. कुठल्याही उजेडात जो तोच राहतो तो रंग खरा, असं तिचं मत होतं, आणि गिरणीत तिच्या मताला वजन होतं.

त्यामुळे घरातल्या एका लहानशा खोलीच्या रंगावरून घोडं अडेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खोली आईसाठी होती. वडील जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. भर दुपारी, खिडकीतल्या उन्हात, खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. आई जेवायला हाका मारून दमली आणि शेवटी चिडून बघायला गेली. त्या दिवशी तिने घराचे पडदे ओढले ते ओढलेच. मग हळूहळू जेवणातून मन उडालं, शेजारणींशी बोलणं थांबलं, अंगावर मूठभर मांस उरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, “हे गोळ्यांनी बरं होणारं दुखणं नाही. यांना एकटं ठेवू नका.”

धाकटी बहीण लग्न होऊन दूर गेलेली. म्हणजे जे काही करायचं ते थोरलीनेच. तिने आईला घरी राहायला बोलावलं, आई नाही म्हणाली. परत बोलावलं, परत नाही. शेवटी रडकुंडीला येऊन विचारलं तेव्हा आई म्हणाली, “आधी खोली बघते. मग सांगते.” एवढ्याशा आशेवर थोरलीने अडगळीची खोली रिकामी केली, भिंती घासून घेतल्या आणि रंगाऱ्याला बोलावलं. आईला खोली आवडली नाही तर ती त्या बंद पडद्यांमागे परत जाईल, आणि मग तिथून बाहेर येणार नाही, याबद्दल थोरलीच्या मनात शंका नव्हती.

२

रंगारी बोलका माणूस होता. त्याने खिडकीसमोरच्या भिंतीवर, आईची खुर्ची जिथे येणार होती तिथेच, दोन चौकोन रंगवून दाखवले. डावीकडे पहिला, उजवीकडे दुसरा.

“दोन-दोन हात मारलेत, ताई. सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी बघा. मग नवराबायको पोटभर भांडून घ्या आणि मला फोन करा.”

शेडकार्डावर एकाचं नाव होतं ‘शांत वाळू’ आणि दुसऱ्याचं ‘शांत कापूस’. थोरलीचा नवरा गाडी शिकवायचा क्लास चालवायचा. सिग्नलचे तीन सोडले तर बाकीचे रंग ही त्याच्या मते श्रीमंतांची थेरं होती. तो म्हणाला, “इतकी शांतता? भिंतीला रंग देतोय की झोपेची गोळी?”

थोरलीने मात्र गिरणीची शिस्त लावली. तिथे जोडीने रंग बघायचे असले तर एक कडक नियम असतो. एकेकट्याने आत जायचं, कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, आणि बाहेर येऊन फक्त निकाल सांगायचा. नाहीतर एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसायला लागतं.

नवरा आत गेला, लगेच बाहेर आला. “दुसरा.”

लेक कानातलं गाणं न काढताच गेली. तिला जरा जास्तच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा इअरफोन हातात होते. “दुसरा. त्यात काय विचारायचं?”

“का गं?”

“पहिला भिंतीवर लावलेला दिसतो.”

“आणि दुसरा?”

लेकीने खांदे उडवले. “दुसरा लावलेला वाटत नाही.”

मग थोरली गेली. फरक होता. लख्ख होता, आंधळ्यालाही दिसला असता. पण फरक कशाचा, ते तिला सांगता येईना. दुसरा लालसर होता का? नाही. पिवळट? नाही. राखेकडे झुकलेला, जास्त गडद, जास्त फिका? तिच्याजवळ असतील नसतील तेवढे शब्द तिने त्या चौकोनाला लावून पाहिले आणि एकही चिकटला नाही. गिरणीत ती असं काही बोलली असती तर साहेबांनी तिला चष्म्याचा नंबर तपासायला धाडलं असतं. ती स्वतःवरच वैतागली आणि हात धुवायला निघून गेली.

३

सुट्टीच्या दिवशी तिने ठाण मांडून दोन्ही रंग बघितले. सकाळी पहिला चौकोन निळसर पांढरा होता, दुसरा नव्हता. दुपारी खिडकीतून ऊन थेट भिंतीवर आलं आणि दोन्ही चौकोन हुबेहूब एक झाले. तेव्हा विचारलं असतं तर तिने डोळे झाकून ‘जुळतं’ म्हटलं असतं. ऊन सरकलं तसा पहिला मावळत गेला, मातकट झाला. दुसरा जसा दुपारी होता तसाच राहिला.

थोरलीला आधी आनंदच झाला. तिच्या उभ्या जन्मात तिने असा पक्का रंग पाहिला नव्हता. उजेड बदलतोय आणि हा पठ्ठ्या ढिम्म. गिरणीत असा रंग आला असता तर तिने सगळ्यांना बोलावून दाखवला असता.

मग तिने पडदा ओढून पाहिला, दार लावून घेतलं. पहिला चौकोन काळोखात भिंतीसकट विरून गेला. दुसरा अजून दिसत होता. नीट, कडांसकट.

ती तिथेच उभी राहिली. डोळे शिणले की पाहिलेला रंग डोळ्यांत रेंगाळतो, हे नव्या पोरींना तीच शिकवायची. तिने डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला, उघडले. चौकोन होता तिथेच. पडद्याला फट असेल. रंगात चमक यायला काही घालत असतील, हल्ली काय वाट्टेल ते घालतात. तिने हात लावला. भिंत कोमट होती, जशी उन्हातली भिंत असते. पलीकडे ऊन लागत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की पलीकडे त्यांचंच न्हाणीघर आहे. तिने पटकन पडदा सरकवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावत बसली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आईला क्लासच्या गाडीतून आणलं. आई इतकी हलकी झाली होती की गाडीतून उतरवताना त्याने तिला जवळजवळ उचलूनच घेतलं. “आई, सावकाश. खोली कुठे पळून जात नाही.” आई त्याच्या हाताच्या आधाराने आत चालत आली. खोलीच्या दारात मात्र ती थबकली. मग जावयाचा हात सोडून सरळ भिंतीपाशी चालत गेली आणि दुसऱ्या चौकोनावर तिने तळवा टेकवला.

“हा,” ती म्हणाली.

“दोन्ही बघ ना आई, घाई नाही.”

“हाच. हा लाव, मग येते मी राहायला.” थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, हात न काढता. मग मागे वळून, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, “जरा चहा टाक गं. आणि काहीतरी खायला दे, भूक लागलीय.”

थोरली चहा टाकायला गेली आणि ओट्याला टेकून घळाघळा रडली. भूक लागलीय, हे शब्द आईच्या तोंडून ऐकायला ती किती आसुसली होती हे तिला तेव्हा कळलं. कोमट भिंत, काळोख, न चिकटणारे शब्द, सगळं तिने त्या रडण्याबरोबर सोडून दिलं. आईने दुसरा म्हटलं होतं. आणि टेबलाशी बसून निकाल द्यायचा असता तर तिनेही दुसराच पास केला असता.

४

रंगारी मोठा डबा घेऊन आला तो हसतच.

“ताई, एक गंमत झालीय. रागावू नका. त्या दिवशी दुकानातल्या पोरीने घोळ घातला. दोन्ही छोट्या डब्यांत एकच रंग भरून दिला, वाळू. कापूस त्यांच्याकडे शिल्लकच नव्हता. आज मोठा डबा घ्यायला गेलो तेव्हा कळलं, हाही वाळूचाच आणलाय. म्हणजे मी दोन्ही चौकोन एकाच रंगाने काढले आणि तुमच्याकडे मात्र मतदान चाललंय!”

थोरलीला हसता आलं नाही. “दादा, आत या जरा. तुम्हाला काय दिसतं ते सांगा.”

तो डबा हातात घेऊनच आला. भिंतीकडे बघता बघता त्याचं हसू तोंडावरच विसरून राहिलं.

“दोन दिसतात,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “पण एकच आहे, ताई. तुमच्या गळ्याची शपथ, एकच आहे.”

“ओल असेल?”

“ओलीने काळं पडतं. हे तसं नाही.”

रंग एकच. भिंत एकच. थोरलीच्या टेबलावर असे दोन तुकडे आले असते तर तिने तुकड्यांना हातही लावला नसता. तिने आधी मान वर करून दिवे तपासले असते. एकच रंग दोन दिसतो तो दोन वेगवेगळ्या उजेडांत ठेवला तर. इथवर तिचं डोकं सरळ चालत आलं आणि इथे अडून बसलं, कारण खोलीला खिडकी एकच होती.

तेवढ्यात दुसऱ्या चौकोनावरून सावली गेली. उजवीकडून डावीकडे, घाई नसलेल्या माणसाची सावली जावी तशी. चौकोनाच्या कडेला ती संपली. पहिल्या चौकोनावर ती आलीच नाही. रंगारी जागचा हलला नव्हता. थोरलीही नाही.

“पाखरू गेलं असेल खिडकीवरून,” रंगारी म्हणाला.

“हो. पाखरूच असेल.”

त्याने डबा खाली ठेवला आणि आवाज उतरवून विचारलं, “थांबू का? कापूस मागवून घेतो. चार दिवस लागले तर लागले.”

बाहेरच्या खोलीत आईची बॅग कालच येऊन पडली होती. सकाळी आईने आपणहून फोन केला होता, ‘लावला का गं रंग? वाळला का?’ तिच्या आवाजात लहान मुलाची अधीरता होती. चार दिवसांत आईचं मन फिरलं तर? पडदे परत ओढले गेले तर?

“नका थांबू,” थोरली म्हणाली. “लावा.”

५

रंग लागला आणि चौकोन दिसेनासे झाले. सगळी भिंत सकाळी निळसर, संध्याकाळी मातकट, चार भिंतींसारखी भिंत. थोरलीने आत जाऊन पुन्हा पुन्हा पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. रंगारी म्हणाला तसा रंग एकच असेल, खालच्या गिलाव्यात काहीतरी गडबड असेल, आता झाकली गेली.

आई राहायला आली आणि पालटलीच. दोन्ही वेळा जेवायला लागली. नातीला केसांवरून बोलायला लागली, जावयाच्या गाडी चालवण्याची टिंगल करायला लागली. गालांवर रंग आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय जादू केलीत?” थोरली नुसती हसली. घरात सगळं इतकं छान चाललं होतं की कुणाला काही बोलायची तिला लाज वाटायची.

बोलायचं होतं ते एवढंच, की आई दिवा लावत नाही. संध्याकाळ झाली, बाहेरच्या खोलीत दिवे लागले, तरी आई खुर्चीत बसून पेपर वाचत असायची. बारीक अक्षरातलासुद्धा. “डोळे फोडून घेशील,” थोरली म्हणायची. “दिसतंय की मला,” आई म्हणायची. खुर्ची तिने भिंतीच्या अगदी जवळ ओढून घेतली होती आणि थोडी एका बाजूला सरकवली होती. शेजारी स्टूल ठेवलं होतं. स्टुलावर कधी काही ठेवू द्यायची नाही.

लेक एकदा सहज बोलून गेली, “आजीच्या खोलीत ना, कायम दुपार असते.”

त्या संध्याकाळी थोरली दारातच थांबली, आत गेली नाही. खिडकीत उरलासुरला उजेड होता. त्याने पलंगाची सावली आत, भिंतीकडे पडली होती. कपाटाचीही तशीच. आईची सावली उलटी पडली होती. ती खुर्चीपासून निघून फरशीवरून खिडकीकडे गेली होती, आखूड आणि काळीभोर. आईने पान उलटलं तसा सावलीचा हात हलला. मग आईने पेपर जरासा बाजूला धरला, शेजारी कुणाला वाचता यावं म्हणून धरतात तसा.

थोरलीने रंगाऱ्याला फोन लावला. “दादा, तो कापूस मिळेल का?”

“त्याच दिवशी मागवून ठेवलाय, ताई,” तो म्हणाला. का हवाय, हे त्याने विचारलं नाही. “उद्या सकाळी येतो. आईंना तेवढा वेळ दुसरीकडे बसवा.”

६

आईला सांगणं भाग होतं. सकाळी ऐन वेळी सांगितलं असतं तर आईने खोली सोडलीच नसती. थोरली आत गेली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. स्टुलाला वळसा घालून ती खुर्चीपाशी खाली, जमिनीवरच बसली.

“आई, ह्या खोलीचा रंग बदलायचा म्हणते मी. हा लवकर मळेल.”

“नको.”

“एका दिवसाचं तर काम आहे. तू तेवढा वेळ बाहेर बस.”

“मला विचारून लावलास ना?” आईचा सूर रागाचा नव्हता. “इथे बरं वाटतं गं मला. आणि तूही बस जरा. सदानकदा कुठेतरी पळत असतेस.”

आईने हात पुढे केला. थोरलीने तो धरला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला, शेजारी आपला ठेवला. सवयच ती. दोन तुकडे शेजारी आले की तिची नजर आपोआप कामाला लागायची.

बोटं एकाच घडणीची होती. लहानपणापासून सगळे म्हणायचे, थोरलीचे हात आईवर गेलेत. तशीच वाकडी करंगळी, तशीच रुंद नखं. थोरलीचा हात संध्याकाळच्या काळोखात होता, निळाकाळा, नखंसुद्धा वेगळी दिसत नव्हती. आईच्या हातावरची रेघ न् रेघ दिसत होती. शिरा, डाग, अंगठीचा जुना वळ. बारीक लव उन्हात चमकते तशी चमकत होती.

“नाही जुळत,” थोरली पुटपुटली.

“काय म्हणालीस?”

“आई, चल. बाहेर चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता.” तिने आईचं मनगट धरून ओढलं. आई हलली नाही. एवढीशी आई, जिला जावयाने उचलून उतरवलं होतं, ती तसूभरही हलली नाही. ती थोरलीकडे मायेने बघत होती, तापलेल्या लेकराकडे बघावं तसं. तिच्या गालांवर ऊन होतं. डोळे तिने किंचित बारीक केले होते.

“माझं काय अडलंय बाहेर?” ती म्हणाली. “तू जा, तुला कामं असतील. मी काही एकटी नाही.”

जायला हवं होतं. उठायचं, दिवा लावायचा, नवऱ्याला हाक मारायची, दोघांनी मिळून आईला उचलायचं. थोरलीला एकेक पायरी स्पष्ट दिसत होती. पण हात सोडला तर, असं तिच्या मनात आलं. दारापर्यंत जाऊन परत वळेपर्यंत इथे कुणी नसलं तर? यांना एकटं ठेवू नका, बाईंनी सांगितलं होतं. तिने आईच्या बोटांत बोटं गुंतवली आणि ती तशीच बसून राहिली.

भिंतीतून ऊब येत होती. शेजारचं स्टूल किंचित करकरलं, कुणी बसल्या जागी सावरून बसावं तसं. थोरलीने तिकडे बघितलं नाही. ती दोन्ही हातांकडेच बघत राहिली, कारण तेवढंच तिला नीट येत होतं.

“अगं, अंधारात काय बसलात?” बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. “दिवा लावू का?”

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आपल्या करंगळीचं नख दिसलं. मग करंगळी दिसली. मग हळूहळू, एकेक बोट करत, हातावरची लव चमकायला लागली, आणि मनगटापर्यंत तिला ऊन लागलं.

जुळत होतं.